सायकलने पणजीच्या बिअर मेळ्याला: मार्ग, वेळा आणि एक अट

कुळागर (फोंडा)

मंडळी, नमस्कार. जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी पणजीत कांपालच्या बाजूला बिअरचा मेळा भरतोय, संध्याकाळी पाच ते रात्री दहा. मागच्या वर्षी आम्ही फोंड्याचे सहाजण सायकलने गेलो होतो. यंदा बेत मोठा आहे. काणकोणच्या चावडीवरून पहाटे निघायचं, दिवसभर चालवायचं आणि सूर्य मावळायच्या आत पणजी गाठायची. मार्ग थोडा वाकडा घेतला आहे, त्यामुळे अंतर शंभरीच्या पुढे जातं.

मार्गाच्या आधी अट सांगतो. सायकलला कुलूप लागेपर्यंत कोणी एक घोटही घ्यायचा नाही. आणि पहिला घोट घेतला की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सायकलला हात लावायचा नाही.

ही अट का, तेही लिहितो. मागच्या वर्षी आमचा मुक्काम दिवाडी बेटावर एका मित्राकडे होता. मेळ्यातून नऊला निघालो. प्रत्येकाचे दोन-दोन मग झाले होते. सगळे नीट बोलत होतो, नीट चालत होतो, कोणाचाही तोल गेलेला नव्हता. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने पलीकडे गेलो आणि जवळची वाट म्हणून खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांच्या, बांधावरून निघालो. बांध चार हात रुंद, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला शेत. मानशीपाशी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दारापाशी, बांध जरा वळतो. तिथे आमच्यातला सगळ्यात सराईत गडी सरळ गेला. वळण त्याला दिसलं होतं, पण हाताने हँडल वळवायला उशीर केला. खाली दगड होते. गळपट्टीचं हाड मोडलं. पाण्याच्या बाजूला पडला असता तर काय झालं असतं, हे मी वर्षभरात कितीदा मनात घोळवलं आहे ते माझं मलाच माहीत. बेत माझा होता. परत कसं यायचं याचा विचार मी केला नव्हता.

आता मार्ग. चावडी, आगोंद, खोला, काब-द-राम, काणागिणी, बेतूल, असोळणा. असोळण्याहून फेरीने केळशी. मग वार्का, बाणावली, कोलवा असं सपाटीने वर. मडगावचा बाजार टाळून नुवेंवरून राय. राय-शिरोडा फेरीने जुवारी ओलांडायची. शिरोड्याहून बोरी, फोंडा, म्हार्दोळ, बाणस्तारी, जुने गोवे, रायबंदर, पणजी.

दुपारची पेज आमच्या घरी, कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत. कोण कोण येणार ते सांगा, आणि मार्गात खोट दिसली तर तीही सांगा.

*

काणकोणकर

मी नक्की. आमच्याच दारातून सुटायचं म्हटल्यावर न येऊन कसं चालेल! आदल्या रात्री आठ-दहा जणांची झोपायची सोय आमच्याकडे होईल. चटया आहेत, पांघरूण आपापलं आणा. जानेवारीत पहाटे आमच्या बाजूला चांगलाच गारवा असतो.

करमल घाट टाळलात हे उत्तम केलंत. हमरस्त्याने मडगाव जवळ पडतं, पण त्या वळणांवर ट्रक आणि बस समोरासमोर आले की सायकलवाल्याला उभं राहायला जागा उरत नाही. खोल्याचा रस्ता चढउताराचा आहे, पण सकाळी तिथे वाहन विरळ. खोल्याच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ती डोंगरउतारावर पावसाळ्यात लावतात. जानेवारीत शेतं रिकामी दिसतील, पण घराघरांत वाळलेली मिरची असते. ओळखीच्या घरी थांबून घेऊ या, वजनाला काहीच नाही.

सूर्य त्या दिवसांत सातच्या सुमाराला उगवतो. सव्वासहाला निघालो तर पहिला पाऊण तास अंधारच. पुढचा पांढरा दिवा आणि मागचा तांबडा, दोन्ही हवेतच. काणागिणीहून बेतुलाकडे उतरताना उजाडलेलं असलं पाहिजे. तो उतार तीव्र आहे, आणि वळणावर वाळू साचलेली असते.

एक जाता जाता. निघताना गावात पोदेर, म्हणजे पाववाले, भेटतील, मागे टोपली बांधून भोंपू वाजवत जाणारे. गोव्यात पहाटेच्या अंधारात रोज सायकल काढणारी माणसं तीच. मी लहानपणी आमच्या पोदेराच्या मागे मागे फिरत सायकल शिकलो. त्यांना पाहिलं की हात वर करायचा, ही माझ्याकडून अट. आणि पोंय, म्हणजे त्यांचा कोंड्याचा पाव, तिथेच विकत घ्यायची, गरम असताना.

*

वेंगुर्लेकरीण

आम्ही सिंधुदुर्गातले चौघे आहोत, दोघी बायका आणि दोघे पुरुष. काणकोणला येऊन उलटं वर जाणं आम्हाला जमणार नाही. आम्ही सावंतवाडीहून थेट येऊन वाटेत मिळालो तर चालेल का? बांद्यावरून पत्रादेवीला गेलं की हमरस्ता, आणि शेवटी मांडवीवरचे पूल. अटल सेतूवर दुचाकींना बंदीच आहे, आणि जुन्या पुलावरच्या गर्दीची मला मनापासून भीती वाटते.

*

डिचोलीकर

ताई, हमरस्ता सोडा. बांद्यावरून दोडामार्ग धरा, तिथून लाटंबार्से, डिचोली आणि नार्वे. नार्व्याच्या धक्क्यावरून फेरीने दिवाडी. दिवाडी आडवी पार करून दुसरी फेरी, उतरलात की जुने गोवे. मांडवीवरचा एकही पूल लागत नाही. सगळं मिळून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर, चढ सोसण्यासारखे.

नार्व्याला सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्याचा जीर्णोद्धार केला, तसा शिलालेख तिथे आहे. राज्य सरकारने अलीकडे डागडुजी करून ते पुन्हा चांगलं केलंय. आवारात सावली आहे, गारवा आहे. आठला निघालात तरी एकपर्यंत तिथे असाल. तासभर टेका. मी डिचोलीला तुमच्यात येतो.

आणि लाटंबार्शातून जाताना सांगायला बरं वाटतं, की मेळ्यात जी बिअर प्यायची तिच्यातली काही आमच्याच तालुक्यात तयार होते. तिथे ब्रुअरी आहे. गावाचं नाव कंपनीच्या नावात आलेलं बघून आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनाही कौतुक वाटतं. डिचोलीच्या आसपास खनिजाचे ट्रक लागले तर एका ओळीत चला, बोलत जोडीने नको.

*

वेंगुर्लेकरीण

देव बरें करूं! हे फार छान झालं. मग आपण सगळे जुन्या गोव्याला चारला भेटू आणि शेवटचे दहा किलोमीटर एकत्र जाऊ.

मुक्कामाचं मात्र स्पष्ट लिहा. दोघींना वेगळी खोली आणि आतून कडी लागणारं दार हवं. घरी सांगून निघायचं तर हे आधी कळलेलं बरं.

*

कुळागर (फोंडा)

अगदी रास्त. पणजीत मळा नावाच्या भागात ओळखीच्या कुटुंबाचं जुनं घर आहे. माडीवर मोठा हॉल, शिवाय खाली दोन खोल्या, त्यातली एक फक्त तुमची. कडी मी स्वतः जाऊन पाहून येतो. सायकली आतल्या अंगणात राहतील, बाहेरच्या दाराला कुलूप. तिथून कांपालला चालत अर्धा तास लागतो. जाताना चालत, येताना चालत. ज्यांना रात्री चालायचं नसेल त्यांच्यासाठी टॅक्सी सांगून ठेवली आहे.

जुन्या गोव्याला भेटायची कल्पना मला फार आवडली. रायबंदर ते पणजी हा रस्ता, ज्याला जुने लोक पोंत द लिन्यारिश म्हणतात, १६३३-३४ मध्ये बांधला. तीन किलोमीटरच्या वर सरळ बांध. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि खारफुटी, चढ नावाला नाही. दिवसभर दमलेल्या पायांना याहून चांगला शेवट मिळणार नाही. तिथे उतरत्या उन्हात वीस सायकली ओळीने जाताना मला बघायच्या आहेत.

*

पहाटवारा (कोल्हापूर)

मी येऊ इच्छितो. आजवर सर्वात लांब ६० किलोमीटर चालवली आहे. हायब्रिड सायकल आहे. शंभर जमेल का? तीन महिने हातात आहेत.

*

दोनचाकी (म्हापसा)

जमेल. आठवड्यात दोनदा तासभर आणि रविवारी एक लांब फेरी ठेवा. लांब फेरी दर आठवड्याला पाच-सात किलोमीटरने वाढवा, दर चौथ्या आठवड्याला कमी करा. मेळ्याच्या दोन आठवडे आधी ८५-९० झाले की पुरे, शंभरी त्या दिवशीच गाठायची. कोल्हापूरला चढ हवे असतील तर पन्हाळा आहेच की. दर तासाला उतरून दोन मिनिटं पाठ मोकळी करायची सवय आत्तापासून लावा. पाय सहसा तग धरतात, आधी मान, तळहात आणि बैठक बोलायला लागतात. सायकलच्या चड्डीत पैसे घाला, बाकी कशात नाही घातले तरी चालेल.

आता सगळ्यांसाठी. सोबत दोन ट्यूब, टायर लिव्हर, पंप, पॅच आणि ॲलन पान्यांचा संच. आपल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह जाड की बारीक ते बघून घ्या, दुसऱ्याचा पंप बसला नाही की अर्धा तास जातो. ब्रेक पॅड निघायच्या आठवडाभर आधी बदला, आदल्या दिवशी नको. नवं काहीही त्या दिवशी पहिल्यांदा वापरायचं नाही, खोगीर नाही, बूट नाहीत.

पाच-सहा जणांचे गट करू. प्रत्येक गटाला एक पुढचा आणि एक शेवटचा. शेवटच्याच्या मागे कोणी राहायचं नाही, आणि शेवटचा आल्याशिवाय पुढच्याने फाटा ओलांडायचा नाही. खड्डा दिसला की बोट खाली, थांबायचं तर हात वर आणि तोंडाने आवाज.

फेरीबोटीबद्दल फार कळकळीने सांगतो. धक्क्याच्या उतरणीवर शेवाळ असतं. चढताना-उतरताना सायकलवर बसायचं नाही, हातात धरून चालायचं. मोटारसायकली आधी जाऊ द्या. पेडलला अडकणारे क्लीटचे बूट असतील त्यांनी दुप्पट जपा.

*

तांबडी माती

मी डॉक्टर आहे, फोंड्यातच. कुळागरबाबांच्या अटीला माझा पूर्ण पाठिंबा. थोडा हिशेब मांडते, म्हणजे अट जाचक वाटणार नाही.

६५० मिलिलिटरची बाटली, ५ टक्क्यांची. तिच्यात मद्यार्क साधारण ३२ मिलिलिटर, म्हणजे २५ ग्रॅम. यकृत तासाला ढोबळमानाने सात-आठ ग्रॅम हातावेगळा करतं. म्हणजे एका बाटलीला तीन तासांहून थोडं जास्त. आपल्याकडे स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांपर्यंत असते. त्याच मापाच्या बाटलीत ४१ ग्रॅम, म्हणजे पाच तासांच्या वर. कॉफीने, आंघोळीने, लिंबाने हा वेग वाढत नाही. माणूस जागा होतो एवढंच, यकृताला ते कळत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. उन्हात सायकल चालवताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम जातो. मद्य मेंदूतून सुटणारं, मूत्र रोखणारं संप्रेरक दाबतं, त्यामुळे आधीच सुकलेलं शरीर आणखी सुकतं. शंभर किलोमीटर चालवून आल्या आल्या रिकाम्या पोटी ग्लास उचलला तर दोन ग्लासांत जे व्हायचं ते एकातच होतं. म्हणून पणजीत पोचल्यावर क्रम असा ठेवा: पाणी, आंघोळ, जेवण, मग मेळा. जेवण म्हणजे भातासकट जेवण, शेंगदाणे नव्हेत.

वाटेत तहान लागायची वाट बघू नका, दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरचं जलसंजीवनीचं प्रमाण लक्षात ठेवा. चमचा चहाचा. तासाला मूठभर खजूर किंवा दोन केळी पोटात जाऊ द्या. आणि कुळागरबाबांची पेज दोन वाट्या घ्या, सोबत खारं. उकड्या तांदळाच्या पेजेइतकं सोपं आणि पोटाला न टोचणारं जेवण अशा दिवशी दुसरं नाही.

कायद्याचंही कोणी विचारेल. मोटार वाहन कायद्याचं १८५ वं कलम मोटारगाडीबद्दल आहे, सायकलबद्दल नाही. म्हणून काहींना वाटतं की सायकलला काही हरकत नाही. हाडाला कलम माहीत नसतं. रुग्णालयात मी गळपट्ट्या, मनगटं आणि जबडे पाहिले आहेत. त्यातले कितीतरी लोक म्हणतात, फक्त दोनच घेतल्या होत्या.

*

पहाटवारा (कोल्हापूर)

डॉक्टरताई, वाचून ठेवलं. एक विचारतो, संकोच वाटतोय. मी पीत नाही. मेळ्याला माझं काय काम, असं कोणाला वाटेल का?

*

कुळागर (फोंडा)

अजिबात नाही. आमच्या सहाजणांतही एक जण पीत नव्हता. त्या रात्री गाडी बोलावणारा, रुग्णालयात कागद भरणारा, घरी फोन करणारा तोच होता. तुम्ही या. गाणं असतं, खाणं असतं, आणि कोकम सरबत मी स्वतः घरून बाटल्या भरून आणतोय.

*

माडाची_सावली (पेडणे)

बिअरबद्दल कोणीच बोलेना म्हणून लिहितो. मी घरच्या घरी बिअर करून बघितली आहे आणि हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

मेळ्यात गेल्यावर पहिल्याच टेबलाशी मग भरून घेऊ नका. लहान ग्लास मागा. हलक्यापासून सुरू करून गडद आणि कडू शेवटी. आधी गव्हाची, ढगाळ दिसते, पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. तो वास केळं घालून आलेला नसतो, यीस्टचं काम असतं ते. मग पिल्सनर. ही जात १८४२ मध्ये बोहेमियातल्या प्लझेन गावात जन्मली. सोनेरी आणि स्वच्छ, जिभेवर हॉप्सच्या फुलांचा हलका कडूपणा. जुन्या गोंयकारांना किंग्ज बिअरची सवय आहे, तीही याच कुळातली. मग आयपीए (इंडिया पेल एल), ज्यात हॉप्स भरपूर. ज्यांना कारल्याची भाजी आवडते त्यांना ही पहिल्याच घोटात आवडेल. स्टाउट सगळ्यात शेवटी. भाजलेल्या बार्लीमुळे कॉफीसारखी लागते. स्टाउट आधी घेतली तर बाकी सगळं पाणी वाटतं.

बर्फासारखी थंड असली की चव लागत नाही. जरा हातात धरा, मग प्या. आणि प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी.

काहीजण विचारतील, गोव्यात येऊन बिअर कशाला, हुर्राक घ्या. हुर्राक ही काजूच्या बोंडांची दारू, तिचा मोसम काजू पिकल्यावर, फेब्रुवारी-मार्चच्या पुढे. जानेवारीत कोणी हुर्राक म्हणून काही देत असेल तर घेऊ नका.

*

दोनचाकी (म्हापसा)

वाऱ्याचं राहिलं. जानेवारीत सकाळी वारा जमिनीकडून असतो, त्रास नाही. अकरा-बाराच्या पुढे समुद्राकडून वाहायला लागतो, पश्चिमेचा आणि वायव्येचा. बाणावली-कोलव्याचा टप्पा त्याच्या आधी संपवायला हवा. फोंड्याहून पणजीकडे येताना तो नाकावरच असणार. तिथे गटाने चला, पुढचा दर पाच मिनिटांनी बदला. म्हणून माझ्या मते वेळा अशा: बेतूल नऊ, केळशीची फेरी पावणेदहा, राय सव्वाअकरा, फोंडा एक. अडीचला उठायचंच, पेजेनंतर झोप लागली तरी. फर्मागुडीचा चढ सावकाश. जुने गोवे चार.

शिरोड्याची फेरी बंद असली तर?

*

काणकोणकर

तर बोरीचा पूल. गर्दी आहे, पण रस्ता तोच पुढे लागतो. पूल एका ओळीत, दिवे लावून, न थांबता. मी आदल्या दिवशी धक्क्यावर विचारून इथे लिहितो.

परतीचं: दक्षिणेकडच्यांच्या सायकली माझ्या भावाच्या पिकअपमधून रविवारी दुपारी येतील, बारा मावतात. माणसं करमळीहून रेल्वेने किंवा बसने. कोणाला सायकल पार्सलच्या डब्यातून न्यायची असेल त्यांनी स्टेशनवर आधी जाऊन चौकशी करावी, ऐनवेळी होत नाही. तीच पिकअप शनिवारी आपल्या मागे असेल. ज्याला थांबावंसं वाटेल त्याने निःसंकोच बसावं.

*

वेंगुर्लेकरीण

आम्ही आता सहाजण झालो. माझी नणंद आणि तिचा मुलगा. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. गोव्यात पिण्याचं वय २१, तेव्हा तो पहाटवारादादांच्या सरबताच्या टेबलावर बसेल. सायकल मात्र आमच्या सगळ्यांच्या पुढे चालवतो.

*

मानशीकडे

मी इथे पहिल्यांदाच लिहितोय. कुळागरने लिहिलेला तो सराईत गडी मीच.

हाड जुळलं. चार महिने हँडल धरलं नव्हतं, जूनमध्ये पुन्हा सुरू केलं. आता ७० पर्यंत येतो, शंभरीही होईल. मी त्याला कित्येकदा सांगितलं की चूक माझी, रस्ता मला पाठ होता. तो ऐकत नाही. मग आज सगळ्यांसमोर सांगतो.

पडण्याच्या आधीचा क्षण मला अजून स्वच्छ आठवतो. मला भीती वाटली नव्हती. वळण दिसतंय, आता वळू, असं सावकाश मनात आलं. तो सावकाशपणाच बिअरचा होता. घसा ओला झाल्यावर माणूस धीट होतो असं म्हणतात. मी धीट झालो नव्हतो, मला वेळ भरपूर आहे असं वाटत होतं.

मी येतोय. शेवटच्या गटाचा शेवटचा मी राहीन. माझ्या मागे कोणी राहणार नाही.

*

कुळागर (फोंडा)

वाचलं. संध्याकाळी घरी येतो, तिथे बोलू.

बाकीच्यांनी नाव, गट आणि रक्तगट रविवारपर्यंत मला व्यक्तिगत निरोपात कळवा. आत्तापर्यंत दक्षिणेकडून अकरा, उत्तरेकडून सात. पेजेला बारा धरले आहेत, एखादा वाढला तरी तांदूळ आहे. खारं कोणी आणणार असेल तर आधी सांगा, नाहीतर आमच्या आईने बरणी काढूनच ठेवली आहे.